हाताची जखम कोणत्या विभागाच्या दारात गेली, यावर बोटाचं भवितव्य ठरू नये

प्रति,
पदव्युत्तर शल्यशिक्षणाचा अभ्यासक्रम आखणारे, तो राबवणारे आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून तो शिकवणारे सर्व मान्यवर

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट हाताचे असतात. शस्त्रक्रिया मी करत नाही. ती झाल्यावर त्या हाताला पुन्हा कामाला लावणं हे माझं काम. इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे आता फाइल उघडण्याआधी, व्रण कुठून कसा गेलाय आणि पट्टी कशी बांधलीय एवढ्यावरून बहुतेक वेळा कळतं, की हा हात ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागाच्या, टेबलावर होता, प्लास्टिक सर्जरीच्या की जनरल सर्जरीच्या. खरं तर हे कळायला नको. जखम तीच, बोट तेच, गाव तेच. मग निकाल विभागागणिक का बदलावा?

हे आपल्याला खासगीतही लिहिता आलं असतं. जाहीरपणे लिहितेय, कारण ज्यांचे हात यात अडकतात त्यांना यातलं काहीच माहीत नसतं. बोट वाकलं नाही तर ते नशिबाला दोष देतात आणि गप्प बसतात.

सोलापूर म्हणजे यंत्रमागांचं गाव. चादर आणि टॉवेल जगभर जातात, आणि मागाच्या चाकात, पट्ट्यात बोटं सापडतात ती इथेच. पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. जिल्ह्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, गावोगाव रसवंत्या आहेत आणि गोठ्यागोठ्यात कडबा कुट्टी आहे. संक्रांतीच्या दिवसांत मांजानं कापलेली बोटं येतात. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पार कर्नाटकातल्या इंडी आणि आळंदपर्यंतचे पेशंट उपचाराला इथेच येतात. हातावर पोट असलेल्या माणसांचा हा मुलूख आहे. इथे हाताची जखम ही रोजची गोष्ट आहे, आणि तरीही ती नेमकी कुणी शिवायची हे त्या रात्री ड्युटीवर कोण आहे यावर ठरतं.

गेल्या पावसाळ्यात थोड्या दिवसांच्या अंतरानं दोन पेशंट माझ्यासमोर बसले. रुग्णालयांची नावं देत नाही. दोष एखाद्या रुग्णालयाचा असता तर हे पत्र लिहिण्याची गरजच नव्हती.

पहिला यंत्रमाग कामगार, तिशीतला. डाव्या हाताचं मधलं बोट मागात सापडलं. मुळाकडच्या पेराचं हाड मोडलं आणि बोट वाकवणारी दोन्ही टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, तुटली. रात्री ऑर्थोच्या निवासी डॉक्टरांनी घेतलं. हाडाचं काम इतकं नेटकं, की एक्स-रे विद्यार्थ्यांना दाखवावा: दोन के-वायर (हाड धरून ठेवणाऱ्या बारीक तारा), हाड जागच्या जागी. टेंडनही शिवली होती. पण मग पूर्ण हात प्लास्टरच्या स्लॅबमध्ये गेला आणि हाड जुळेपर्यंत तिथेच राहिला. माझ्याकडे पाठवलं तेव्हा सहा आठवडे उलटले होते. त्याचं बोट मी माझ्या हातानं वाकवलं की तळहाताला टेकायचं. त्याला म्हटलं, आता तुम्ही स्वतः वाकवा, की ते जरासं थरथरायचं आणि थांबायचं. शिवलेलं टेंडन पुन्हा तुटलेलं नव्हतं. भोवतालच्या आवरणाला चिकटून बसलं होतं.

दुसरी विडी कामगार. घरातली काच लागून उजव्या हाताची तर्जनी कापली. जनरल सर्जरीच्या निवासी डॉक्टरांनी मायनर ओटीत, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीत, घेतलं. टेंडन शिवलं, छान जुळलं, व्यायामासाठी वेळेवर पाठवलंही. बोट पूर्ण वाकायला लागलं. आणि एक दिवस ती म्हणाली, "मॅडम, बोट वाकतंय, पण पान हाय का न्हाय कळंना." विडी वळताना पान अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत फिरतं. तर्जनीची अंगठ्याकडची बाजू बधिर असेल तर पान किती आवळलं हे समजत नाही, तंबाखू सांडते, तोंड नीट मुडपत नाही. त्या बाजूची संवेदना नेणारी बारीक नस टेंडनसोबतच कापली गेली होती. शस्त्रक्रियेच्या नोंदीत तिचा उल्लेख नव्हता. शिवल्याचा नाही, तपासल्याचाही नाही. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. डोळ्यांनी पान बघत विड्या वळणाऱ्या बाईचा हजार कधी व्हायचा?

या दोन्ही डॉक्टरांना मी दोष देत नाही. दोघांनीही जे शिकवलं गेलं ते प्रामाणिकपणे केलं. माझी तक्रार शिक्षणाबद्दल आहे, म्हणून ती आपल्याकडे.

पहिली तक्रार अशी, की हात तीन विभागांत वाटला गेलाय आणि पूर्ण हात कुणालाच शिकवला जात नाही. एमएस ऑर्थो तीन वर्षांचं. त्या काळात मांडीचं हाड, खुबा, गुडघा, मणका, लहान मुलांची वाकडी पावलं, एवढं सगळं. हाताच्या वाट्याला येतात मनगटाची फ्रॅक्चर, बोटांची फ्रॅक्चर, वायर आणि प्लेट. सी-आर्मखाली (शस्त्रक्रियेच्या वेळी हाड दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली) काम कसं करायचं, हाड कसं बसवायचं हे या मुलांना उत्तम येतं. पण भिंगाखाली नस जोडणं, उघड्या पडलेल्या टेंडनवर कातडीचा फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट वळवलेला तुकडा) आणणं, हे पाहायला मिळालंच तर दुरून. प्लास्टिक सर्जरीची वाट वेगळी: बहुतेकांसाठी आधी तीन वर्षं जनरल सर्जरी, मग तीन वर्षं एमसीएच ही त्यापुढची विशेष पदवी. तिथे मायक्रोस्कोप आहे, नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत, फ्लॅप आहेत, शिवाय भाजलेले पेशंट आणि दुभंगलेले ओठ आहेत. पण या सहा वर्षांत हाडाचं रीतसर शिक्षण कुठे? प्लास्टिकच्या टेबलावरून आलेले हातही मी पाहते. कातडी सुरेख बसलेली, संवेदना परत येत असलेली. पण पेशंटला मूठ करायला सांगितली की करंगळी शेजारच्या बोटावर चढते, कारण हाड जुळताना थोडं फिरलं. एक्स-रेमध्ये ते सरळच दिसतं, मूठ करून बघितल्याशिवाय कळत नाही. ऑर्थोच्या निवासी डॉक्टरला हे सुरुवातीच्या काळातच शिकवलेलं असतं.

आणि तिसरा, ज्याची कुणीच दखल घेत नाही, तो जनरल सर्जरीचा निवासी डॉक्टर. तालुक्याच्या ठिकाणी, छोट्या रुग्णालयात कापलेला हात सर्वांत आधी बघणारा तोच असतो. त्याला हाताबद्दल सर्वांत कमी शिकवलं जातं.

दुसरी तक्रार. हाताची केस 'छोटी' समजली जाते. अपघात विभागात मांडीचं हाड मोडलेला पेशंट आला तर सीनियर धावत येतात. बोट कापलेला आला तर सर्वांत ज्युनियर मुलाला मायनर ओटीत पाठवतात. भिंग नाही, कधी रक्त थांबवायला दंडाला बांधायचा टूर्निकेटचा पट्टा नाही, रक्त भरलेल्या जखमेत अंदाजानं टाके. छत्तीस तास जागा असलेला तो मुलगा जे शिवतो त्यावर एका माणसाची पुढची तीस वर्षांची कमाई अवलंबून असते. तळहाताच्या बोटांजवळच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्यात दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून सरकतात. अमेरिकेतल्या हातशल्याचे जनक मानले जाणारे स्टर्लिंग बनेल यांनी या पट्ट्याला 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं. तिथली तुटलेली टेंडन लगेच शिवूच नयेत असा त्या काळचा सल्ला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हर्दान आणि क्लाइनर्ट या शल्यविशारदांनी दाखवून दिलं की लगेच शिवता येतात, पण अट आहे: शिवण मजबूत हवी आणि बोट काही दिवसांतच हलवायला घ्यायला हवं. जगातल्या जाणत्या शल्यविशारदांना ज्या पट्ट्याची धास्ती वाटत होती, तोच आपण रात्री दोन वाजता पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हवाली करतो.

तिसरी तक्रार माझ्या खोलीतली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टेंडनच्या शस्त्रक्रियेचा अर्धा भाग ओटीबाहेर होतो. थर्मोप्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करायची, पेशंटच्या हातावर साचा धरायचा, मनगट आणि बोटं हव्या त्या कोनात ठेवून स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, बनवायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बोट थोडं थोडं हलवायला लावायचं. किती हलवायचं हे शिवण कशी घातली, टेंडनमधून धाग्याचे किती पदर गेले, सोबत नस किंवा हाड जोडलंय का, यावर ठरतं. म्हणजे मला सर्जनकडून चार ओळी हव्या असतात. त्या मिळतात कधी? जेव्हा सर्जनला स्वतःला कुणीतरी शिकवलेलं असतं की पुढे हे होणार आहे. नाहीतर फाइलवर 'फिजिओ' एवढा एक शब्द येतो आणि पेशंट येतो तो प्लास्टर काढल्यावर. मी अनेक निवासी डॉक्टरांना विचारलंय, की तुम्ही शिवलेलं बोट तीन महिन्यांनी कसं वाकतं हे पाहिलंत का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, कारण तोवर त्यांचं पोस्टिंग बदललेलं असतं. आपल्या कामाचा निकाल न बघता कुणी शिकणार कसं?

चौथी तक्रार थोडक्यात: मोजमाप. जिल्हा निवासी कार्यक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयात पाठवलं जातं. ही योजना चांगली आहे. पण तिथे जाण्याआधी त्यानं वरिष्ठांच्या देखरेखीखाली एक तरी टेंडन, एक तरी नस जोडलीय का, हे कुणी विचारत नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या लॉगबुकांमध्ये (विद्यार्थ्यांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदवह्यांमध्ये) हाताच्या शस्त्रक्रिया इतर शस्त्रक्रियांत मिसळून गेलेल्या असतात. अमेरिकेत ऑर्थोच्या निवासी डॉक्टरला कार्पल टनेलच्या (मनगटात दाबली गेलेली नस मोकळी करण्याच्या) किमान १० शस्त्रक्रिया दाखवाव्याच लागतात, आणि प्लास्टिकच्या निवासी डॉक्टरांच्या हाताच्या केसेस प्रकारवार मोजल्या जातात. तिथेही दोन्हीकडच्या शिक्षणात फरक आहेच: ऑर्थोवाले फ्रॅक्चर जास्त करतात, प्लास्टिकवाले टेंडन, नसा आणि जोडणी. पण त्यांनी तो फरक मोजला, त्यावर चर्चा केली आणि पुढची पायरी बांधली. १९८९ पासून तिथे हातशल्याची एक सामाईक परीक्षा आहे. ऑर्थो, प्लास्टिक किंवा जनरल सर्जरी, कुठूनही आलात तरी एक वर्षाची फेलोशिप करून तीच परीक्षा द्यायची. स्वीडन, फिनलंड आणि सिंगापूरमध्ये तर हातशल्य ही स्वतंत्र शाखाच आहे.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. हातशल्याचं स्वतंत्र एमसीएच आहे, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप आहे. चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयात हातासाठी वेगळी संस्था उभी आहे आणि कोइमतूरला देशभरातून डॉक्टर हे काम शिकायला जातात. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोगानं वाकडे झालेले हात टेंडन दुसरीकडे वळवून पुन्हा उघडझाप करायला लावले, आणि त्यांच्या कामात व्यायाम आणि शस्त्रक्रिया पहिल्या दिवसापासून एकत्र होत्या. आपल्या मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी साध्या तारा आणि सळ्यांची 'जेस' ही पद्धत आधी हातासाठी तयार केली. ती पुढे लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठीही देशभर वापरली गेली. बनेल यांचं म्हणणंच होतं, की हातावर काम करणाऱ्याला हाड, टेंडन, नस आणि कातडी चारही यायला हवीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या हात-केंद्रांत हेच झालं. तेव्हा वाट नवी शोधायची नाहीये. प्रश्न इतकाच, की फेलोशिपच्या थोड्या जागा भरून महानगरांत बसलेले तज्ज्ञ सोलापूरच्या रात्रपाळीला पुरणार नाहीत. हात जिथे कापतात तिथे जो डॉक्टर असतो, तो एमएसचा विद्यार्थी असतो. त्यालाच शिकवायला हवं.

आणि वेळ थांबत नाही. तुटलेलं बोट जोडता येतं हे १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या शल्यविशारदांनी अंगठा जोडून दाखवलं. बोटात स्नायू नसतात, म्हणून थंड न ठेवताही साधारण बारा तासांपर्यंत प्रयत्न करता येतो, नीट थंड ठेवलं तर त्याहून जास्त. मनगटाच्या वर हात तुटला असेल तर मात्र हाताशी सुमारे सहा तासच. इथून पुणे अडीचशे किलोमीटर. कॅज्युअल्टीत पोचणं, निर्णय होणं, रुग्णवाहिका मिळणं यातच निम्मा वेळ जातो. जाता जाता वाचकांसाठी लिहून ठेवते, कारण हे आमच्याकडे वारंवार चुकतं: तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. हळद, दूध, रॉकेल यांतलं काहीही लावू नका.

आता मागण्या.

एक, ऑर्थो, प्लास्टिक आणि जनरल सर्जरी या तिन्हींसाठी हाताचा एक सामाईक किमान अभ्यासक्रम ठरवा. त्यात बोटाचं फ्रॅक्चर, टेंडन, बोटातली नस, कातडीचं झाकण आणि तुटलेल्या भागाची हाताळणी एवढं तरी असावं. हे आलं नाही तर पदवी नाही.

दोन, अदलाबदलीचं पोस्टिंग सक्तीचं करा. ऑर्थोचा विद्यार्थी काही महिने प्लास्टिककडे, प्लास्टिकचा ऑर्थोकडे, आणि जनरल सर्जरीचा दोन्हीकडे. नुसतं उभं राहून बघण्यासाठी नको, काम करण्यासाठी. आणि हे पोस्टिंग जिल्हा निवासी कार्यक्रमाला पाठवण्याआधी व्हावं. जिथे प्लास्टिक सर्जरीचा विभागच नाही, तिथल्या विद्यार्थ्यांना शेजारच्या महाविद्यालयात पाठवण्याची सोय विद्यापीठानं करावी.

तीन, लॉगबुकात हाताचं पान वेगळं काढा. प्रकारवार किमान संख्या ठरवा, आणि शिवलेल्या प्रत्येक टेंडनसमोर तीन महिन्यांनंतर बोट किती वाकतं याची नोंद सक्तीची करा. कोन मोजायला गोनिओमीटर लागतो. तो महाग नाही आणि मोजून द्यायला आम्ही आहोत.

चार, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात सरावासाठी एक मायक्रोस्कोप आणि एक टेबल. कोंबडीच्या तंगडीतल्या रक्तवाहिनीवर सराव करून जगभर मुलं टाके शिकतात. पेशंटच्या बोटावर पहिला टाका घालण्याआधी ते कुठेतरी घातलेले असावेत.

पाच, हाताची केस 'मायनर' म्हणून रात्री एकट्या ज्युनियरवर सोडणं बंद करा. ऑर्थो आणि प्लास्टिक मिळून हातासाठी एक सामाईक कॉल ठेवा. रक्तपुरवठा तुटला नसेल आणि जखम स्वच्छ धुतलेली असेल, तर टेंडन सकाळी, जागा असलेल्या, शिकलेल्या माणसानं शिवलेलं कधीही चांगलं.

सहा, हाताची शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात प्रशिक्षित थेरपिस्टचं पद मंजूर करा आणि ते भरा. रिकामं पद म्हणजे अर्धवट शस्त्रक्रिया.

सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथे शिकणारे आहेत, शिकवणारे आहेत, आणि दुर्दैवानं हाताच्या जखमाही भरपूर आहेत. अदलाबदलीच्या पोस्टिंगची सुरुवात इथून करा. पहिल्या बॅचच्या नोंदी ठेवायला आणि निकाल मोजायला मी आणि माझे सहकारी विनामोबदला वेळ देऊ, हे मी जबाबदारीनं लिहिते.

यातली कोणती मागणी मान्य, कोणती नाही आणि का नाही, याचं उत्तर आपण जाहीरपणे द्यावं. पुढच्या प्रवेशफेरीआधी दिलंत तर नव्या बॅचला त्याचा उपयोग होईल.

आपली नम्र,
एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट
सोलापूर